अपक्षांचा पाठिंबा: ‘बिनशर्त’ पत्रे आणि जाहीर करार

नीराकाठ

अपक्ष आमदार राज्यपालांना पाठिंब्याचे जे पत्र देतात ते सहसा चार-पाच ओळींचे असते. मी अमुक मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आलो आहे, अमुक पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारला माझा पाठिंबा आहे, खाली सही आणि तारीख. राजभवनाबाहेर पत्रकारांनी गाठले की तेच आमदार सांगतात, मतदारसंघाच्या विकासासाठी आपण बिनशर्त पाठिंबा दिला आहे. विकासासाठी दिला असेल तर तो बिनशर्त नसणार, आणि अटी असतील तर त्या कोणत्या हे ज्यांनी त्यांना निवडून दिले त्यांना कळायला हवे, एवढाच या धाग्याचा विषय आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९९५ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. २८८ च्या विधानसभेत शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार निवडून आले. बेरीज १३८, बहुमताला हवे १४५. काँग्रेस ८० वर थांबली होती आणि अपक्ष होते तब्बल ४५. त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते. या अपक्षांच्या जोरावर १४ मार्च १९९५ रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांचा शपथविधी झाला. पुढे १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, रोखे काढून पैसा उभा करण्यात आला, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावे घरोघर पोहोचली. दुष्काळी पट्ट्यातील अपक्षांनी पाण्याचा शब्द घेऊनच पाठिंबा दिला होता, असे आमच्या भागात आजही सांगतात. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ३१ मे २००० पूर्वी अडवायचे होते, म्हणून कोणतेही सरकार असते तरी हे करावेच लागले असते, असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे सोयीचे आहे, आणि निवाडा करायला मतदाराच्या हाती कागद नाही.

याउलट आयर्लंडमधली १९८२ ची घटना पाहा. जानेवारीत गॅरेट फिट्झजेराल्ड यांचे सरकार अर्थसंकल्पावर पडले होते. लहान मुलांच्या बुटांवरही कर लावण्याचा त्यात प्रस्ताव होता आणि एका अपक्षाचे विरोधी मत निर्णायक ठरले होते. फेब्रुवारीच्या निवडणुकीत १६६ पैकी ८१ जागा चार्ल्स हॉही यांच्या फिआना फॉइल पक्षाला मिळाल्या. मध्य डब्लिनच्या गरीब वस्त्यांतून टोनी ग्रेगरी हा तरुण अपक्ष पहिल्यांदाच निवडून आला होता. दोन्ही बाजूंचे नेते त्याच्याशी बोलणी करत होते. शेवटी हॉही यांच्याबरोबर जो करार झाला त्यावर देशातील एका मोठ्या कामगार संघटनेच्या सरचिटणीसांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि ग्रेगरी यांनी ९ मार्च १९८२ रोजी तो सभागृहात वाचून दाखवला, म्हणजे तो कामकाजाच्या नोंदीतच गेला. मतदारसंघात चारशेहून अधिक घरे, बंदर मंडळाची २७ एकर जमीन सरकारने ताब्यात घेणे, बंद पडलेल्या कागद गिरणीचे राष्ट्रीयीकरण, तीन वर्षांत ३,७४६ नोकऱ्या. साडेतीन हजार किंवा चार हजार असा गोल आकडा नाही, ३,७४६! कोणीतरी गल्लोगल्ली बसून हिशेब मांडला असल्याशिवाय असा आकडा निघत नाही.

माझे म्हणणे असे की, अपक्षाने सरकारशी सौदा करण्यात गैर काही नाही, मात्र तो लेखी असावा आणि सभागृहाच्या पटलावर ठेवला जावा. आपल्याकडे हे का होत नाही आणि झाले तर काय बदलेल, यावर जाणकारांनी लिहावे.

बातमीपलीकडे

ग्रेगरी यांचे कौतुक वाचले, परंतु ज्या कराराला आपण आदर्श मानता त्याचा शेवट आपण सांगितला नाही. हॉही यांचे ते सरकार नोव्हेंबर १९८२ मध्ये विश्वासदर्शक ठराव हरले आणि करारातील बराच मोठा भाग कागदावरच राहिला. दुसरी गोष्ट अशी की, सुमारे १० कोटी आयरिश पौंडांचे हे पॅकेज मुख्यतः एका शहराच्या एका भागासाठी होते. शेजारच्या मतदारसंघातही तितकीच गरिबी असेल, पण तेथील प्रतिनिधी सत्ताधारी पक्षाचा शिस्तबद्ध सभासद असेल, तर त्याच्या मतदारांनी काय पाप केले होते? सौदा जाहीर केल्याने तो न्याय्य होत नाही. तिजोरी सर्वांची असताना १६६ पैकी एकाने ती आपल्या गल्लीकडे वळवली, हे लपून केले काय आणि माइकवर वाचून दाखवले काय, परिणाम तोच.

महाराष्ट्राबद्दल तर माझे मत आणखी कडवट आहे. आपल्याकडचा अपक्ष हा बहुतेक वेळा तिकीट नाकारलेला पक्षकार्यकर्ता असतो. त्याच्यामागे साखर कारखाना असतो, दूध संघ असतो, जिल्हा बँकेतील संचालकपद असते. त्याला सरकारकडून जे हवे असते ते कारखान्याच्या कर्जाला शासनाची थकहमी, भागभांडवल, बाजार समितीवर आपल्या मर्जीतला प्रशासक, आणि प्रांत किंवा पोलीस उपअधीक्षक पदावर सोयीचा माणूस. यातली एकही गोष्ट कोणी करारात लिहिणार नाही. आपण पटलावर कागद ठेवण्याचा नियम केलात तर कागदावर रस्ते, पूल आणि ग्रामीण रुग्णालये येतील आणि खरा व्यवहार बंगल्यावर होईल, जसा आज होतो.

१९९५ च्या अपक्षांपैकी काहींचा पुढचा प्रवास पाहिला तरी हे लक्षात येते. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख हे दोघेही त्या वेळी अपक्ष म्हणून निवडून आले, युती सरकारात राज्यमंत्री झाले आणि पुढे आघाडीच्या सरकारांतही मंत्री राहिले. यात बेकायदा काही नाही, दोघांनाही मतदारांनी पुन्हा निवडून दिले. पण त्यांचा पाठिंबा कोणत्या कार्यक्रमाला होता असे विचारले तर ‘सरकारला’ एवढेच उत्तर मिळेल.

होबार्टवासी

मी गेली बरीच वर्षे ऑस्ट्रेलियातील टास्मानियात राहतो, त्यामुळे २०१० चा प्रसंग जवळून पाहिलेला आहे. त्यात वरील दोघांच्याही म्हणण्याला आधार मिळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑगस्ट २०१० च्या निवडणुकीत ऑस्ट्रेलियाच्या १५० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात दोन्ही मोठ्या बाजूंना ७२-७२ जागा मिळाल्या. उरलेल्यांत ग्रीन्स पक्षाचा एक आणि चार अपक्ष होते. आमच्या होबार्टच्या डेनिसन मतदारसंघातून अँड्र्यू विल्की निवडून आले. हे पूर्वी गुप्तवार्ता खात्यात अधिकारी होते आणि इराक युद्धाच्या प्रश्नावर २००३ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले होते. पहिल्या पसंतीची जेमतेम २१ टक्के मते मिळवून, पुढच्या पसंतींच्या जोरावर ते जिंकले. विरोधी आघाडीचे नेते टोनी अ‍ॅबट यांनी त्यांना शहराच्या रुग्णालयासाठी १०० कोटी डॉलर देऊ केले. विल्की यांनी ते नाकारले आणि ३४ कोटी देणाऱ्या मजूर पक्षाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांच्याशी करार केला; इतका पैसा असा उधळणे बेजबाबदारपणाचे आहे, हे कारण त्यांनी जाहीरपणे दिले. अपक्ष म्हणजे लिलावातला माल, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अटींमधील खरी महत्त्वाची अट जुगाराच्या यंत्रांबद्दल होती. येथील क्लबांत आणि पबांत ही यंत्रे ओळीने मांडलेली असतात. निवृत्तिवेतनाच्या दिवशी दुपारीच त्यांच्यासमोर माणसे बसलेली दिसतात. खेळायला बसण्यापूर्वीच आपण जास्तीत जास्त किती हरणार हे खेळणाऱ्याने ठरवून यंत्राला सांगावे आणि ती मर्यादा संपली की यंत्राने थांबावे, असा देशव्यापी कायदा मे २०१२ पर्यंत संमत करण्याचे लेखी आश्वासन होते. बदल्यात विल्की यांनी दिले ते मोजकेच: अर्थसंकल्प अडवणार नाही आणि गंभीर गैरवर्तनाचा पुरावा असल्याखेरीज अविश्वास ठरावाला मत देणार नाही. बाकी प्रत्येक विधेयकावर ते मोकळे होते.

त्यानंतर काय झाले ते पाहा. क्लबांच्या संघटनेने सत्ताधारी पक्षाच्या काठावरच्या मतदारसंघांत मोठी मोहीम उघडली आणि खासदार घाबरले. नोव्हेंबर २०११ मध्ये सत्ताधारी मजूर पक्षाच्या सभापतींनी पद सोडले आणि विरोधी बाजूचे पीटर स्लिपर सभापती झाले. सभापती एरवी मत देत नाहीत. म्हणजे सरकारचे एक मत वाढले, विरोधकांचे एक घटले, आणि विल्की यांच्याशिवाय बहुमत जमू लागले. दोन महिनेही उलटले नव्हते, तोच २१ जानेवारी २०१२ रोजी सरकारने ती अट पाळता येत नसल्याचे जाहीर केले. गरज सरो, वैद्य मरो. विल्की यांनी पाठिंब्याचा करार संपवला, पण सरकार पाडले नाही.

असे असले तरी लेखी कराराचा काही उपयोग झाला नाही, हे मला मान्य नाही. सरकारने शब्द मोडला हे शाळकरी पोरालाही कळले, कारण शब्द काय होता हे छापलेले होते, तारखेसकट. पंतप्रधानांना पत्रकारांसमोर उभे राहून त्याचे उत्तर द्यावे लागले. महाराष्ट्रात एखाद्या अपक्षाला दिलेला शब्द मोडला, अशी बातमी कधी वाचल्याचे कोणाला आठवते का? मोडण्यासाठी आधी तो जाहीर असावा लागतो.

दुसऱ्या दोघा अपक्षांबद्दलही दोन शब्द. टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट यांनी निर्णयाला १७ दिवस घेतले. या काळात त्यांनी दोन्ही पक्षांच्या निवडणूक आश्वासनांचा हिशेब अर्थखात्याकडून तपासून मागितला आणि विरोधी आघाडीच्या आकड्यांत अब्जावधी डॉलरची तफावत निघाली. विंडसर यांना अशा वाटाघाटी नव्या नव्हत्या. १९९१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेतही त्यांनी अल्पमतातील सरकारला तारले होते. ग्रामीण भागासाठी सुमारे १,००० कोटी डॉलरचे पॅकेज हा २०१० मध्ये गिलार्ड यांच्याशी झालेल्या त्यांच्या कराराचा एक भाग होता. मात्र संसदीय अर्थसंकल्प कार्यालय स्थापन करणे, प्रश्नोत्तराच्या तासात मंत्र्यांच्या उत्तरांना वेळेची मर्यादा घालणे आणि संसदेचा कार्यकाळ पूर्ण करणे, हा दुसरा भाग होता. ते कार्यालय २०१२ मध्ये सुरू झाले आणि आजही चालू आहे. ‘बातमीपलीकडे’ यांच्या गल्लीच्या आक्षेपाला हे माझ्या मते चांगले उत्तर आहे. अल्पमतातील त्या सरकारच्या काळात ५०० हून अधिक विधेयके संमत झाली, हेही सांगायला हवे.

डिचोलीकर

होबार्टवासी यांनी स्लिपर प्रकरण लिहिले, ते वाचताना मला जुलै २०१९ ची पणजी आठवली.

२०१७ साली गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत भाजपला १३ आणि काँग्रेसला १७ जागा होत्या. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचे तीन, गोवा फॉरवर्डचे तीन आणि अपक्ष यांना घेऊन मनोहर पर्रीकरांनी सरकार बनवले. पर्वरीचे रोहन खंवटे आणि प्रियोळचे गोविंद गावडे हे दोघे अपक्ष मंत्री झाले, सांग्याचे प्रसाद गावकर यांच्या वाट्याला वन विकास महामंडळ आले. सर्वांनी मिळून किमान समान कार्यक्रम आखल्याचे सांगण्यात आले. पर्रीकर गेले, प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले आणि तीन-चार दिवसांतच गोवा फॉरवर्डच्या तिघांसह खंवटे यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. कोणती अट मोडली, कोणी मोडली, हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. आकडा जमला होता, विषय संपला.

यापुढचे तर आणखी बोलके आहे. खंवटे पुढे भाजपमध्ये गेले आणि २०२२ मध्ये भाजपचे आमदार म्हणून मंत्री झाले. अपक्ष म्हणून जे टिकले नाही ते पक्षात जाऊन मिळाले. तेव्हा माझा प्रश्न नीराकाठ यांना असा आहे की, अपक्षाने करार लिहून घेण्याची मेहनत घ्यावीच कशाला? पुढची निवडणूक तो अपक्ष म्हणून लढवणारच नसेल, तर त्या कागदाचा जाब त्याला कोण विचारणार?

परिशिष्टवाचक

कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत आहे.

घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींनुसार, अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या राजकीय पक्षात सामील झाला तर अपात्र ठरतो. पाठिंबा देणे किंवा मंत्री होणे म्हणजे पक्षात सामील होणे नव्हे. हा प्रश्न कर्नाटकात ऐरणीवर आला होता. २००८ मध्ये २२४ पैकी ११० जागा मिळालेल्या भाजपने पाच अपक्षांना मंत्री करून सरकार बनवले. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच पाच जणांनी इतर बंडखोरांबरोबर पाठिंबा काढला, तेव्हा ते भाजपमध्येच सामील झाले होते असे ठरवून विधानसभाध्यक्षांनी विश्वासमताच्या आदल्या दिवशी त्यांना अपात्र केले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मात्र तोवर मतदान होऊन गेले होते आणि सरकार वाचले होते.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. बैठकांना हजर राहिला, सरकारच्या कार्यक्रमाला गेला, एवढ्यावरून अपक्षाचे स्वातंत्र्य संपले असे म्हणता येत असेल, तर ‘मी अमुक बाबतीतच बांधील आहे आणि बाकी बाबतीत मोकळा आहे’ असे आधीच लिहून जाहीर करणारा अपक्ष अधिक सुरक्षित राहील. लेखी कराराचा फायदा मतदाराला होवो न होवो, त्या आमदाराला तो होऊ शकतो. आपल्याकडचे अपक्ष अजून तसा विचार करत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते.

दुसरा मुद्दा लाचेचा. १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरील अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. त्यात मतांसाठी पैसे घेतल्याचा आरोप असलेल्या आणि त्याप्रमाणे मत दिलेल्या खासदारांना १९९८ मध्ये न्यायालयाने विशेषाधिकाराचे संरक्षण दिले होते. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते संरक्षण काढून घेतले. म्हणजे आता मताच्या बदल्यात वैयक्तिक लाभ घेणे हा सरळ गुन्हा आहे. मग मताच्या बदल्यात मतदारसंघासाठी धरण मागणे काय आहे? माझ्या मते ते राजकारण आहे आणि ते तसेच राहावे. परंतु या दोहोंमधली रेघ कोठे आहे हे दाखवणारा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे जाहीर केलेला कागद. जे उघड मागता येते ते मतदारसंघासाठी असते.

आणखी एक. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठे करता येत नाही. महाराष्ट्रात ही मर्यादा ४३ येते, आणि छोट्या राज्यांना किमान १२ ची मुभा आहे. १९९५ मध्ये अशी मर्यादा नव्हती. आज मोजक्या लाल दिव्यांवर भागत नाही म्हणून महामंडळे, समित्या आणि निधी यांचे वाटप होते. हे वाटप शोधून काढणे मंत्र्यांची यादी वाचण्याइतके सोपे नसते.

नीराकाठ

सर्वांचे आभार. ‘बातमीपलीकडे’ यांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. रस्ते कागदावर आणि थकहमी बंगल्यावर, हे होईल. तरीही मला फरक दिसतो. समजा अपक्षाने जाहीर करारात तीन उपसा योजना लिहिल्या आणि दोन वर्षांनी योजना जागच्या जागी राहून त्याच्या कारखान्याला तेवढी हमी मिळाली, तर विरोधकाच्या हाती प्रचाराचे सर्वांत धारदार हत्यार येते. आज त्याला फक्त ‘विकले गेले’ असे ओरडता येते आणि ते सगळेच सगळ्यांबद्दल ओरडतात. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेसाठी शिवसेनेचा उमेदवार हरला, तेव्हा काही अपक्षांची नावे घेऊन आरोप झाले. पक्षाचे आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात, अपक्षांना ती कोणालाच दाखवायची नसते. त्यामुळे आरोप करणाऱ्याला सिद्ध करता येईना आणि ज्यांच्यावर आरोप झाला त्यांना खोडता येईना. यात प्रामाणिक अपक्षाचेच सर्वांत जास्त नुकसान होते.

डिचोलीकरांच्या प्रश्नाचे मात्र माझ्यापाशी पुरेसे उत्तर नाही. ग्रेगरी यांचा करार बहुतांशी फसला, तरी ते जानेवारी २००९ मध्ये निधन होईपर्यंत त्याच भागातून अपक्ष म्हणूनच निवडून येत राहिले. मागितले काय होते हे लोकांना ठाऊक होते, आणि ते न मिळण्याचा दोष त्यांनी ग्रेगरींना दिला नाही. पुढच्या वेळी पुन्हा अपक्ष म्हणूनच लोकांसमोर जायचे आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच हा कागद आहे, इतके मी मान्य करतो.

होबार्टवासी

यात एक भर. विंडसर आणि ओकशॉट या दोघांनीही २०१३ ची निवडणूक लढवली नाही आणि त्यांच्या दोन्ही जागा नॅशनल पक्षाकडे गेल्या. त्यांचे मतदारसंघ मुळात उजव्या कलाचे होते आणि मजूर पक्षाला दिलेला पाठिंबा तेथील बऱ्याच लोकांना रुचला नव्हता. विल्की मात्र आजही निवडून येतात. तेव्हा लेखी करार केला म्हणजे मतदार खूश होईलच, असे नाही. त्याला करार आवडला नाही तर तो नेमका कोणत्या कारणासाठी रागावला आहे, हे निदान कळते.

बातमीपलीकडे

एवढ्यापुरती माझी सहमती आहे. मात्र नियम करायचाच असेल तर तो अपक्षांपुरता नको. दोन-तीन आमदारांचे छोटे पक्ष हेच करतात आणि त्यांच्या पत्रांवरही अटी लिहिलेल्या नसतात.

डिचोलीकर

बरोबर. २०२२ मध्ये आमच्याकडे भाजपला ४० पैकी बरोबर २० जागा मिळाल्या. मगोचे दोन आणि तीन अपक्ष पाठिंब्याला आले, त्यांत आमच्या डिचोलीचे चंद्रकांत शेट्येही होते. मगोला मंत्रिपद मिळाले, तिन्ही अपक्षांना नाही. सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी आठ जण भाजपमध्ये गेले आणि भाजपचे २८ झाले. तेव्हापासून या तिघांचा पाठिंबा नेमका कशासाठी आहे, हे ना सरकारने विचारले, ना त्यांनी सांगितले.